मदत हवी आहे : संगीत नाटक शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष सुरू आहे. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकतेय, पण मला नुसत्या मैफली करायच्या नाहीत. मला रंगभूमीवर गाणारी नटी व्हायचंय. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हापासूनची ही परंपरा फक्त नाट्यपदांच्या कार्यक्रमांपुरती उरू नये असं मनापासून वाटतं.

माझी खरी अडचण गाण्याची नाही. बसून पद नीट म्हणता येतं. पण उभं राहून, चालत, समोरच्या पात्राकडे बघत म्हणायला लागले की श्वास पुरत नाही आणि शब्द पुसट होतात. संवादातून पदात शिरताना तर भूमिका सुटते आणि गायिकाच उरते. ऑर्गन-तबल्याच्या साथीत किती आलापी करायची, कुठे थांबून प्रसंग पुढे न्यायचा, हे कोण शिकवतं?

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्य आणि संगीत दोन्ही विभाग आहेत. तिथे नाट्य घेतलं तर गाण्याचा रियाज टिकतो का? दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा (एनएसडी) अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पण मराठी नाट्यपदासाठी तो उपयोगी पडेल का? की आधी एखाद्या जुन्या गायक नटाकडे शिकून हौशी संस्थेत छोट्या भूमिका कराव्यात? मला हाच मार्ग जास्त पटतो, पण घरच्यांना पदवी हवी आहे.

ज्यांनी स्वतः संगीत नाटकात काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सांगली-कोल्हापूर भागात कुणी शिकवत असेल तर तेही सांगा.