रईफ बदावी : समाज दुखावला की सरकार?

तिरपागडे
सौदी अरेबियाचा रईफ बदावी जून २०१२मध्ये पकडला गेला तेव्हा २८ वर्षांचा होता, सुटला मार्च २०२२मध्ये. त्याने केलं काय, तर उदारमतवादी सौदींसाठी एक संकेतस्थळ काढलं, धर्म आणि राज्यकारभार वेगळे ठेवा असं लिहिलं, धर्मगुरूंची आणि लोकांना धर्माचे नियम पाळायला लावणाऱ्या धार्मिक पोलिसांची टर उडवली. आधी ७ वर्षं कैद आणि ६०० फटके. खटला पुन्हा चालला आणि २०१४मध्ये शिक्षा उलट वाढली: १० वर्षं, १००० फटके, १० लाख रियाल दंड. धर्मत्यागाचा आरोपही लावून पाहिला होता. तो टिकला असता तर मानेवरच बेतलं असतं.

हा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "तिथला समाज सनातनी, लोकांच्या भावना दुखावल्या." मला हे साफ नामंजूर आहे. २०१६मध्ये सरकारनेच धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार काढून घेतला. २०१८मध्ये चित्रपटगृहं उघडली, बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली. भावना तेव्हा कुठे गेल्या होत्या? आणि हे सगळं होत असताना रईफ आतच. राजाने फर्मान काढलं तर सुधारणा, तेच प्रजेने मागितलं तर तुरुंग. मग दुखावलं कोण, समाज की सरकार?

मुक्काम पोस्ट खोबार
तिरपागडे, तुम्ही फार लांबून बघताय. मी तिकडे नोकरी केली आहे. माझ्या हाताखालची तरुण, शिकलेली सौदी मुलं रईफचं नाव काढलं की तोंड फिरवायची. भीती होतीच, पण रागही खरा होता, तो मी पाहिलाय. २०१५मध्ये त्याला फटके मारले ते शुक्रवारच्या नमाजानंतर, जेद्दाच्या मशिदीसमोर, भर गर्दीत. प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यानुसार शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या काय सरकारने वाजवल्या?

आणि १० वर्षांपूर्वी जे पचलं नसतं ते आज पचतं, कारण मधल्या काळात वरून हळूहळू जमीन तयार केली गेली. वेळ ओळखणं हाही शहाणपणाच असतो. २००७च्या सायबर कायद्यात धार्मिक मूल्यांना धक्का लावणाऱ्या मजकुराला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. त्याला हे ठाऊक नसेल?

शंकासुर
@खोबार, जमीन तयार करणारे कोण होते म्हणे? बायकांना गाडी चालवू द्या म्हणून वर्षानुवर्षं झगडलेल्या लुजैन अल-हथलूल आणि तिच्या साथीदारांना मे २०१८मध्ये उचललं. बंदी उठली २४ जूनला. महिन्याभरावर मागणी मान्य होणार होती आणि मागणाऱ्या गजाआड! इथे 'वेळ चुकली' हे कसं लागू करणार? तिरपागडेंचा मुद्दा याहून स्पष्ट कसा करायचा, मला तरी कळत नाही.

टाळ्यांचं म्हणाल तर बेड्या घातलेला माणूस पोलिसांच्या गराड्यात मार खातोय, अशा वेळी गर्दीतल्या कुणी "थांबवा" म्हटलं असतं तर पुढचा नंबर त्याचाच. रईफचा वकील वलीद अबू अल-खैर, त्याला २०१४मध्ये १५ वर्षं ठोकली. जिथे वकिली केलेलीही अंगाशी येते तिथे टाळ्यांवरून जनमत मोजू नये.

व्यवहारी
तुमचा भावनांचा वाद चालू द्या, मला फक्त हिशेब विचारायचाय. बाहेरच्यांनी आरडाओरडा करून काय साधलं? स्वीडनच्या परराष्ट्रमंत्री मार्गोट वॉलस्ट्रम यांनी ही शिक्षा मध्ययुगीन ठरवली. सौदीने राजदूत परत बोलावला, अरब लीगमधलं (अरब देशांच्या संघटनेतलं) त्यांचं भाषण रोखलं. २०१८मध्ये कॅनडाने रईफच्या बहिणीच्या अटकेवर ट्विट केलं, तर त्यांचा राजदूत हाकलला, नवा व्यापार गोठवला, कॅनडात शिकणारे हजारो सौदी विद्यार्थी माघारी बोलावले. त्या पोरांचा काय दोष? आणि रईफने भोगायची तितकी वर्षं भोगलीच. सौदीसारख्या सरकारला चारचौघांत टोकलं की ते हट्टाला पेटतं. गुपचूप बोलणी केली असती तर कदाचित लवकर सुटला असता.

तिरपागडे
@व्यवहारी, हिशेबच करायचा तर पूर्ण करा. १००० फटके ठरले होते, पडले ५०. उरलेले ९५० कुणी वाचवले?

व्यवहारी
प्रकृतीच्या कारणाने पुढे ढकलले होते. अधिकृत कारण तेच आहे.

शंकासुर
अहो, पहिल्या जखमा भरल्या नाहीत म्हणून पुढचा शुक्रवार टळला, इथवर ठीक. पण पाठीवरचे वळ वर्षानुवर्षं भरत नाहीत होय? २०१५मध्ये युरोपीय संसदेने त्याला मानवी हक्कांसाठीचा साखारोव पुरस्कार दिला, त्याची बायको इन्साफ हैदर कॅनडातून देशोदेशी बोलत फिरली. जगाचं लक्ष होतं म्हणूनच पाठ वाचली, असं माझं मत. पुढे २०२०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फटक्यांऐवजी दंड किंवा कैद द्या असं सांगितलं, तेही आपोआप सुचलं नसावं.

ज्यांच्यासाठी आधी कुणी ओरडलं नाही त्यांचं बघा. २०२३मध्ये एका निवृत्त शिक्षकाला ट्विटांपायी मृत्युदंड सुनावला. दोन खात्यांचे मिळून अनुयायी १०! अशाने कुठला समाज पेटणार होता? बातमी जगभर झाल्यावर ती शिक्षा रद्द झाली, पण बदल्यात ३० वर्षं.

मुक्काम पोस्ट खोबार
शिक्षकाचा दाखला मान्य. त्यात समाजाचा संबंध मलाही दिसत नाही. पण रईफ आणि तो एका मापाने मोजू नका. रईफने जाणूनबुजून धर्मगुरूंना अंगावर घेतलं होतं.

तिरपागडे
घेतलं असेल. धर्मगुरूंनी लेखातून उत्तर द्यायचं होतं, त्यांच्याकडे मिंबर (मशिदीतली प्रवचनाची व्यासपीठं) होते, वाहिन्या होत्या. आणि शिक्षा तरी संपली का? १० वर्षांची परदेशबंदी निकालातच होती. बायको आणि तिन्ही मुलं कॅनडाची नागरिक, आणि हा सुटूनही तिकडेच अडकलेला. 'कायदा माहीत होता' म्हणणाऱ्यांनी हेही न्याय्य आहे का ते सांगावं.

मुक्काम पोस्ट खोबार
परदेशबंदीचं समर्थन मी कुठेही केलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. कैद कायद्याला धरून होती एवढंच म्हटलंय, आणि त्यावर ठाम आहे.

व्यवहारी
आणि त्या परत बोलावलेल्या विद्यार्थ्यांबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही.