मुलगी वर्गात एकदम गप्प झालीय, शाळेत काय बोलू? (सल्ला हवा)

आठवीची_आई
लेक १३ वर्षांची. सातवीपर्यंत वर्गात हात वर करणाऱ्यांत पहिली, आता दोन महिने मिटून गेलीय. परवा तिची गणिताची वही चाळत होते. उत्तर लिहून खोडरबरने पुसलेलं, पण पेन्सिलीचा वळ दिसतोय. उत्तर बरोबर होतं! विचारलं तर "काही नाही गं आई." मैत्रिणींनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलंय, हे धाकट्याकडून कळलं. मी तिला रोज आरशासमोर "मी हुशार आहे, मी सगळ्यांना आवडते" म्हणायला लावते. काल म्हणता म्हणता रडायला लागली. शाळेत जाऊ का? की समुपदेशक गाठू?

उगाच_काळजी
वयच तसं असतं. दुर्लक्ष करा, आपोआप ठीक होईल.

मनाचा_अभ्यास
वरच्यांशी असहमत. वय आहे हे खरं, पण गटातून वगळणं, पाठीमागे कुजबुजणं हाही छळच. मारहाणीसारखा दिसत नाही म्हणून सुटतो, एवढंच.

आरसा मात्र आजच बंद करा. मानसशास्त्रज्ञ जोअ‍ॅन वूड आणि सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास आहे: स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" हे वाक्य घोकायला लावलं, तर त्यांना आणखी वाईट वाटलं. (अभ्यास कॉलेजच्या मुलांवरचा होता, पण तुमच्याकडे तेच दिसतंय.) तोंड एक म्हणतं आणि मन लगेच "खोटं!" म्हणून उलटतं. त्यापेक्षा विचारा, "हेच तुझ्या मैत्रिणीबाबत झालं असतं, तर तू तिला काय म्हणाली असतीस?" ती जे सांगेल, ते तिनं स्वतःला सांगायचं.

आणि "हुशार"ही थोडं आवरा. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांत ज्या मुलांच्या बुद्धीचं कौतुक झालं, ती पुढे अपयश आल्यावर लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीचं झालं, ती टिकून राहिली. "दुसऱ्या रीतीनं करून पाहिलंस, ते आवडलं" एवढं पुरे.

निवृत्त_बाई
२६ वर्षं आठवी-नववीला शिकवलंय. "आपापले गट करा" हे वर्गातलं सगळ्यात निर्दयी वाक्य. उरलेली मुलगी भिंतीकडे बघत उभी राहते आणि सगळा वर्ग तिच्याकडे. तेव्हा बाईंकडे तक्रार नको, मागणी घेऊन जा: गट हजेरी क्रमांकानं पाडा. प्रश्न विचारला की दोन मिनिटं वहीत लिहू द्या, शेजारणीशी बोलू द्या, मग उत्तर मागा. मी आणखी एक करायचे. गप्प मुलीला आदल्या दिवशी हळूच सांगायचे, "उद्या तिसरा प्रश्न तुला." रात्रभर तयारी करून यायची आणि उत्तर ठणठणीत द्यायची. दया म्हणून फळा पुसायला वगैरे लावायला सांगू नका, मुलींना ते बरोब्बर कळतं.

आठवीची_आई
बाई, पुसलेल्या वहीचं आता कळलं. समुपदेशकाकडे कधी जायचं?

मनाचा_अभ्यास
शाळेत समुपदेशक असेल तर आत्ताच जा, वाट कशाला बघायची? झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, आवडीचं सगळं सुटलं, किंवा ती स्वतःला इजा करतेय अशी शंका आली, तर मात्र थेट डॉक्टर. आणि "जीव नकोसा वाटतो का?" हे सरळ विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

आठवीची_आई
झोप-भूक ठीक आहे. आज मैत्रिणीचा प्रश्न विचारला. बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "तिला सांगेन, त्या ग्रुपवर तसंही फालतू जोक असतात." हसली! शाळेत जायला हो म्हणालीय, पण अट घातलीय की मुलींची नावं सांगायची नाहीत.

निवृत्त_बाई
अट पाळा, नाहीतर पुढचं काही सांगणार नाही. बाईंना वेळ विचारून शाळा सुटल्यावर भेटा. तास चालू असताना वर्गाच्या दारात उभ्या राहिलात, तर मधल्या सुट्टीत तोच विषय.