मदत हवी आहे: सिन्नर ते नांदूरमध्यमेश्वर, कच्च्या वाटांनी दोन दिवसांचा सायकल प्रवास

नमस्कार.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी धाकटी बहीण सिन्नरहून निघून गोदाकाठाने नांदूरमध्यमेश्वरला जायचे आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या वाटेने सिन्नरला परतायचे, असा सायकल प्रवास आखत आहोत. डांबरी रस्त्याने हा प्रवास आम्ही दोघींनी पूर्वी केलेला आहे. या वेळी मात्र जमेल तेवढे अंतर गाडीवाटा, शिवरस्ते, पाटाच्या कडेचे रस्ते आणि मुरमाच्या वाटा यांवरून कापायचे आहे. त्या शिवारात राहणाऱ्या किंवा तिथे नेहमी सायकल चालवणाऱ्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आमच्या दोन्ही सायकली ग्रॅव्हल प्रकारच्या आहेत. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असले, तरी टायर ४० मिलिमीटर रुंदीचे आहेत आणि खडी, मुरूम व बैलगाडीच्या चाकोरीतून त्या व्यवस्थित चालतात. दिवसाला ५० ते ६० किलोमीटर कच्च्या वाटेने जाण्याची आम्हा दोघींना सवय आहे. सामान थोडे असेल. रात्रीचा मुक्काम एखाद्या गावात किंवा निफाडला करण्याची तयारी आहे.

हाच भाग का, हेही सांगते, कारण त्यावरून आम्हाला कोणत्या प्रकारची वाट हवी आहे हे लक्षात येईल. इतक्या थोड्या अंतरात जमिनीचे तीन प्रकार पाहायला मिळतात, असे मला जवळपास दुसरे ठिकाण माहीत नाही. सिन्नर नदीपात्रापेक्षा सुमारे १०० मीटर उंचावर आहे. गोंदेश्वराच्या देवळापासून निघून नायगाव खोऱ्याकडे उतरू लागले की आधी मुरमाड माळ आणि बुटक्या टेकड्या लागतात. पुढे गोदावरीची सपाट काळी जमीन सुरू होते आणि तिथे ऊस, द्राक्षबागा आणि कांदा यांखेरीज दुसरे काही दिसत नाही. त्याच्याही पुढे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा ब्रिटिश काळातील बंधारा आहे. पाणी अडवण्यासाठी तो बांधला गेला, त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, गाळाची बेटे झाली, त्यांवर पाणकणीस वाढले आणि पाहता पाहता पाण्याच्या साठ्याची पाणथळ जागा झाली. १९८६ साली तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले आणि २०२० मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. माळ, मळई आणि दलदल हे बदल सायकलवरून, चाकाखाली जाणवत जाताना पाहायचे, एवढीच आमची इच्छा आहे.

आता अडचण सांगते. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सायखेड्याच्या अलीकडे, फोनमधील नकाशात दिसणाऱ्या एका वाटेला मी एकटीच वळले. चार दिवस पाऊस नव्हता आणि वरचा थर वाळून त्याला भेगा पडलेल्या दिसत होत्या, म्हणून विश्वासाने पुढे गेले. दोनशे मीटरवर ती वरची पापडी फुटली आणि खालची ओली काळी माती चाकाला धरू लागली. प्रत्येक फेऱ्याला नवा थर चढत होता, त्यात वाळके गवत आणि उसाचे पाचट गुंतत होते, आणि शेवटी टायर आणि फोर्क यांच्यामध्ये बोट घालण्याइतकीही जागा राहिली नाही. चाक फिरेना, सायकल ढकलता येईना आणि उचलून घ्यावी तर ती पेलेना. त्याच ओढाताणीत मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर सांगाड्याला जोडणारा धातूचा तुकडा, वाकला. शेजारच्या वावरात रांगड्या कांद्याची लागण चालू होती. तिथल्या एका आजींनी आपले खुरपे माझ्या हाती दिले आणि म्हणाल्या, "बाई, पाणी नको लावू. उन्हात ठेव, वाळू दे, मग आपसूक निघंल." अर्ध्या तासाने माती खरोखरच खापरीसारखी सुटून आली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, परंतु तीच वेळ डिसेंबरात बहिणीवर येऊ नये, असे मनापासून वाटते.

म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न काळ्या मातीच्या वाटांचा आहे. पाऊस थांबल्यानंतर साधारण किती दिवसांनी त्या सायकलीजोग्या होतात आणि वाट पक्की वाळली आहे की केवळ वरून वाळली आहे, हे कसे ओळखावे? दुसरे असे की, नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. त्यांच्या कडेने सायकल नेता येते का, की मध्येच चारी (कालव्यातून शेतांकडे जाणारा लहान पाट) आडवी येऊन वाट तुटते? तिसरा प्रश्न दलदलीच्या काठाचा आहे. चापडगाव आणि मांजरगावच्या बाजूने पाण्यालगत वाटा दिसतात, पण त्या वाटांनी जाणे पक्ष्यांच्या दृष्टीने योग्य आहे का, याबद्दल मला खात्री हवी आहे. पक्ष्यांना उठवून आम्हाला आमचा मार्ग पूर्ण करायचा नाही.

प्रतिसाद १

नमस्कार ताई. माझी शेती नायगाव खोऱ्यात आहे आणि सायकलचा नाद मलाही आहे, त्यामुळे आपला धागा वाचून आनंद झाला.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिवस मोजून देता येणार नाही. शेतात वापसा आला, म्हणजे जादा ओल निघून माती मशागतीजोगी झाली, की वाटेलाही वापसा येतो, असे धरून चालावे. वाटेच्या कडेचे एखादे ढेकूळ चार बोटे खोलवरून काढा आणि मुठीत दाबा. भुगा झाला तर पुढे जा. लाडू वळला तर तिथूनच मागे फिरा. वरच्या भेगांवर अजिबात विश्वास ठेवू नका, कारण ही माती वरून तडकते आणि खाली ओल धरून ठेवते. आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. डिसेंबरात पाऊस नसला तरी शेतांना पाणी चालू असते. कालव्याचे आवर्तन (पाळीने सोडले जाणारे पाणी) सुटले की भरलेल्या सऱ्यांचे पाणी वाटेवर येते आणि कालच्या कोरड्या वाटेवर आज चिखल असतो. त्यामुळे निघण्यापूर्वी पाटाला पाणी चालू आहे का, हे त्या दिवशी गावात विचारणे हाच खरा उपाय आहे.

कोरड्या वाटेचाही वेगळा त्रास आहे. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालू असल्या की काळ्या मातीचा घोटाभर फुफाटा होतो, त्यात पुढचे चाक रुतते आणि हँडल आपोआप वळते. अशा वेळी दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावरून चालवावे. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. टायर ट्यूबलेस नसतील तर करून घ्या आणि सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव) ताजे भरा, कारण बाभळीचे काटे आणि सराटे या दोहोंनी ही वाट भरलेली असते. सराटा लहान असतो, पण तो कसाही पडला तरी एक टोक वरच राहते.

पाटाच्या कडेने जाताना ज्या बाजूने पाटकऱ्याची (पाटाच्या पाण्यावर देखरेख करणाऱ्याची) मोटारसायकल जाते, तीच बाजू धरा. पलीकडच्या बांधावर वेड्या बाभळी माजतात आणि चारी फुटते तिथे पूल असतोच असे नाही. पाणी चालू असताना भरावाचा काठ पाझराने मऊ होतो. कडेला मुळीच जाऊ नका.

आता जे आपण विचारले नाही, ते सांगतो. निफाड आणि सिन्नर या दोन्ही तालुक्यांत बिबट्यांचा वावर आहे आणि उभा ऊस हीच त्यांची राहण्याची जागा झाली आहे. त्यामुळे दिवस उगवण्यापूर्वी आणि मावळल्यानंतर उसामधल्या वाटेने कृपया जाऊ नये. दोघी असाल तर पुढे-मागे लांब न राहता बरोबर राहा आणि बोलत राहा. डिसेंबरात निफाडची थंडीही कडक असते आणि नदीकाठी सकाळी दाट धुके पडते, म्हणजे लवकर निघून तसाही फारसा लाभ नाही.

द्राक्षबागेजवळ ब्लोअरने फवारणी चालू दिसली, तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबावे आणि ट्रॅक्टर पुढे गेल्यावरच निघावे. बागेच्या तारेपाशी संपणारी वाट नकाशात सरळ पुढे गेलेली दिसते. तिथे माणूस असेल तर विचारा. बहुतेक जण वाट दाखवतात.

प्रतिसाद २

तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. पाण्यालगतच्या वाटांनी सायकल नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची (गाळपेर) जमीन आणि उथळ काठ याच जागा चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांसारख्या हिवाळी पाहुण्यांना चरण्या-विसावण्यासाठी लागतात. स्थिर उभ्या माणसापेक्षा वेगाने सरकणारी आकृती पाहून ते लवकर उठतात, आणि एक थवा उठला की शेजारचेही उठतात. जांभळ्या पाणकोंबड्या तेवढ्या बुजत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरून अंदाज बांधू नये. चापडगावला निरीक्षण मनोरा आहे. सायकली गावात किंवा प्रवेशद्वारापाशी ठेवाव्यात आणि पुढे पायी जावे. स्थानिक मार्गदर्शक घेतलात तर तो दुर्बिणीतून जे दाखवील, ते सायकलवरून कधीच दिसणार नाही.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मुठीत ढेकूळ दाबून पाहण्याची खूण आणि आवर्तनाची चौकशी या दोन गोष्टी मला गेल्या वर्षीच कळायला हव्या होत्या.

आपल्या सूचनांनुसार आखणी बदलली आहे. पहिल्या दिवशी धुके विरल्यावर, नऊच्या सुमारास सिन्नरहून निघू, माळावरच्या मुरमाच्या वाटांनी नायगाव खोऱ्यात उतरू आणि सायखेड्यापासून पुढे वापसा असेल तिथेच कच्ची वाट धरू. नाहीतर डांबरी रस्त्यानेच जाऊ. दुपारी सायकली चापडगावात ठेवून मनोऱ्यावर जाऊ आणि उजेड असतानाच मुक्कामी पोहोचू. पाण्यालगतची वाट पूर्णपणे सोडून दिली आहे. दोन्ही सायकलींचे टायर या आठवड्यात ट्यूबलेस करून घेत आहे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्या दादांना एकच विचारायचे राहिले. परतताना आम्हाला चढ माळावरूनच हवा आहे, खोऱ्यातल्या डांबरी रस्त्याने नको. नायगावकडून सिन्नरच्या दिशेने चढणारी, गुरांच्या किंवा बैलगाडीच्या वापरात असलेली एखादी मुरमाची वाट आपल्या माहितीत असेल, तर ती कोणत्या पाझर तलावापासून किंवा कोणत्या देवळापासून सुटते, एवढे कृपया कळवावे.