दुःखाच्या घरी पहिल्याच दिवशी रोमकरांस 8:28 वाचावं का?

कळपातलं एक
आपल्याकडं ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रीतच पडून गेलीय. माती झाली, संध्याकाळी घरी प्रार्थना, आणि पहिलाच बोलणारा उठून बायबलातलं रोमकरांस 8:28 काढतो: देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून कल्याणकारक होतं. वचन खरं आहे. वेळ चुकते, एवढंच माझं म्हणणं.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 43 फुटांवर गेलं की धोका पातळी. त्या रात्री चिखली-आंबेवाडीतून जनावरं सोडवून निघालेल्याला कुणी सांगतं का, "पुरानं गाळ येतो, रान पिकतं"? गाळाचं खोटं नाही. पण ते पाणी उतरल्यावर बोलायचं.

मुलंबाळं, धन सगळं गमावून राखेत बसलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, अवाक्षर काढलं नाही (2:13). तिथवर झकास. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी 42:7 मध्ये देव त्या तिघांतल्या अलीफजालाच सुनावतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. आणि हाच अलीफज 5:13 मध्ये जे म्हणतो ते पौलानं 1 करिंथ 3:19 मध्ये शास्त्र म्हणून घेतलंय! म्हणजे वाक्य बरोबर असूनही ईयोबाच्या राखेशेजारी ते चुकीचं ठरू शकतं.

पहिल्या दिवशी स्तोत्र 13 घ्या. वचनं सहाच. पहिल्या दोनांत "कोठवर" चार वेळा येतं, 3-4 मध्ये मागणी, 5-6 मध्ये भरवसा. एकानं वाचायचं, एकानंच दोन मिनिटं प्रार्थना करायची. चौथ्या वचनानंतर थांबायचं, अगदी अवघडल्यासारखं होईपर्यंत. घाई होते ती इथंच: पाचवं वचन लगेच ओढून घेतात आणि मागची चार नुसती प्रस्तावना होऊन बसतात.

वचनाचा सेवक
साफ नामंजूर. 1 थेस्सलनीकाकरांस 4 लिहिलंय कुणाला? ज्यांची माणसं गेली त्यांनाच. आणि 18 वं वचन सांगतं, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. गप्प बसून करा, असं नाही.

बेथानीत मार्था-मरीयेच्या भावाला, लाजराला, कबरेत ठेवून चार दिवस झालेले. येशू आधी मार्थेला भेटला. तिला काय दिलं? "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." ते योहान 11:25. त्याचं रडणं 35 व्या वचनात. आधी शिकवण, मग अश्रू.

शिवाय घरच्या प्रार्थनेला गल्लीतली निम्मी माणसं ख्रिस्ती नसतात. त्यांच्यासमोर स्तोत्र 13 मध्येच थांबवलंत तर म्हणतील, "कोठवर विसरशील" म्हणे, यांचा देव पण विसरतोच की!

कळपातलं एक
मार्था वेशीबाहेर येऊन स्वतः बोलायला लागली, म्हणून तिला उत्तर मिळालं. मरीया आली, पाया पडली आणि मार्थेचंच वाक्य बोलली: प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. योहान 11 ची 21 आणि 32 शेजारी ठेवून वाचा. तिला शिकवणीचा एक शब्द नाही. "त्याला कुठं ठेवलंय?" एवढं विचारलं आणि तो रडला. घर एकच, गाऱ्हाणं एकच, उत्तरं दोन. आधी समोरचं माणूस बघायचं.

आणि 1 थेस्सलनीकाकरांस 4:13 म्हणतं, आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं नाही. विश्वासापायी दगडमारानं मेलेल्या स्तेफनाला पुरलं तेव्हा भक्तिमान माणसांनी मोठा शोक केला (प्रेषितांची कृत्ये 8:2). त्यांना कुणी "विश्वास ठेवा, रडू नका" म्हटल्याचं दिसत नाही.

तांबडा पांढरा
वचनावरून भांडताय, भाकरीचं कोण बघतंय? 1 राजे 19 काढा. एलीया संदेष्टा मरण मागतोय. देवदूत म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावरची भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा ऊठ, खा. "इथं काय करतोस?" हा प्रश्न चाळीस दिवस चालून होरेबला पोचल्यावर.

शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन येते ती याच रांगेतली. चूक होते ती अशी: पहिल्या दिवशी सात डबे, निम्मं अन्न वाया, पाचव्या दिवशी एकही नाही. एक वही करा. पंधरा दिवस, रोज एक घर, डबा घरातल्या माणसांपुरताच, भांडी मागायला जायचं नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत लागते, पुढं बँक आणि पेन्शनला दाखला हवाच. त्या रांगेत उभं राहायला मंडळीतला एक तरणा पोरगा द्या. बाराव्या दिवशी पाहुणे पांगलेले असतात, तेव्हा पाळकांनी परत जावं. रोमकरांस काढायचं तर तेव्हा.

रंकाळ्याची झुळूक
आजारपणात याहून वाईट ऐकू येतं: "विश्वास कमी पडतोय." पौलानं देहातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, काटा राहिलाच (2 करिंथ 12:8). सोबतीच्या त्रफिमला त्यानं मिलेतात आजारी सोडलं (2 तीमथ्य 4:20). कुणाचा विश्वास कमी पडला म्हणायचा? याकोब 5:14 तेल लावून प्रार्थना करायला सांगतो, इन्सुलिन बंद करायला नाही. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके उसळतात, मग "प्रार्थना लागू पडली नाही" म्हणून घर दुसऱ्यांदा मोडतं.

दोन आठवडे झोप-भूक नाही, कशातच मन नाही, तर डॉक्टरकडे न्या. मरणाची भाषा आली तर दोन आठवडे कसले, त्याच क्षणापासून एकटं सोडू नका. 14416 ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या आजारासाठीची सरकारी लाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात. प्रार्थना गाडीत बसून करता येते.

वचनाचा सेवक
भाकरीला आणि डॉक्टरला माझा विरोध नव्हताच. पण पुराचा दाखला अर्धाच दिलात. 43 च्या आधी 39 फूट असतं, इशारा पातळी. माणसं तेव्हाच हलवतात. आपण रविवारी वर्षभर आशीर्वादावर बोलतो आणि माती झाल्यावर सगळी शिकवण एका वचनात कोंबतो. स्तोत्र 88 उपासनेत शेवटचं कधी वाचलं गेलं? त्याचा शेवट अंधारात होतो, भरवशाची ओळ येतच नाही. ते ऐकून ठेवलेल्या माणसाला माती झालेल्या रात्री नवं काही सांगावं लागत नाही.

कळपातलं एक
88 बद्दल हात जोडले. ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. विठोबाशी भांडणारे अभंग ऐकत वाढलेल्या मुलखात तक्रारीची प्रार्थना परकी वाटते, हे नवलच.

वचनाचा सेवक
देवाशी भांडा. पण पहिल्या रात्री पुनरुत्थान वाचल्याशिवाय मी उठणार नाही. 8:28 सोडतो, योहान 11:25 सोडत नाही.

कळपातलं एक
मग 35 पर्यंत वाचा.

तांबडा पांढरा
अकरा वचनं, दोन मिनिटं. चालतंय. आता डब्यांची वही कोण सांभाळणार ते खाली लिहा, शाहूपुरी आणि कसबा बावडा वेगवेगळं.