एसीचं पाणी घरात का उतरतं? ड्रेन पाइप मोकळा ठेवण्याचे अनुभव

दादर, धागा सुरू करताना

एसीखालची भिंत ओली दिसली की घरोघरी पहिली शंका गॅसवर जाते. पाणी मात्र बहुतेक वेळा वाट न मिळाल्यामुळे उतरतं. मुंबईच्या दमट हवेत दीड टनाचा एसी जोरात चालला तर तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो, म्हणजे रात्रभरात बादलीभर. ते सगळं जेमतेम बोटभर जाडीच्या नळीतून बाहेर जायचं असतं. ज्यांनी ही नळी हाताळली आहे त्यांनी नेमकं लिहा: काय उघडता, काय ओतता, किती ओतता, आणि कुठे चूक होते. मेकॅनिकने किती पैसे घेतले याची चर्चा इथे नको.

कांदिवली, दुरुस्तीचं काम

सुरुवात घरातून नाही, बाहेरच्या टोकापासून करा. एसी अर्धा तास चालू ठेवा आणि नळीच्या तोंडातून धार किंवा भरभर थेंब पडताहेत का ते बघा. बाहेर कोरडं आणि आत ओलं असेल तर नळी तुंबली आहे. बाहेर धार नीट आहे आणि तरी आत ओल येते, तर नळी सोडून दुसरीकडे शोधा.

तुंबलेली नळी मोकळी करायचा सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे बाहेरून ओढणं. एमसीबी पाडून एसीची वीज बंद करा. पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर घ्या, त्याचं तोंड नळीच्या टोकाला लावा, सांध्याभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळा आणि दोन-तीन मिनिटं चालवा. आधी घाण पाणी येतं, मग जेलीसारखा करडा-तपकिरी बुळबुळीत गोळा येतो. तो निघाल्याशिवाय थांबू नका. बाहेरचं टोक ग्रिलच्या पलीकडे असेल तर त्यासाठी वाकून जीव धोक्यात घालू नका, ते काम दोरी-बेल्टवाल्याचं.

बाहेरून ब्लोअरने फुंकण्याची घाई अनेक जण करतात. तो गोळा उलटा युनिटमधल्या पाणी झेलणाऱ्या ट्रेमध्ये जातो, आणि पाणी उसळून बाजूच्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर पडलं की पाचशेचं काम पाच हजारांवर जातं. फुंकायचंच असेल तर युनिटजवळचा सांधा आधी सोडवा, म्हणजे हवा फक्त नळीतून जाईल.

मुलुंड, बसवणीचं काम

तुंबण्याचं मूळ बहुतेकदा बसवणीत असतं. नळीला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा, दोन असला तर उत्तम. पन्हळीची लवचिक नळी स्वस्त आणि सोयीची, पण दोन क्लिपांमधलं अंतर जास्त झालं की ती मध्ये झोळीसारखी लोंबते. त्या झोळीत पाणी साचतं, पाण्यात धूळ बसते, धुळीवर शेवाळ-बुरशी धरते. झोळीच्या पुढे नळी पुन्हा वर चढली तर हवा अडकून पाणी पुढे सरकतच नाही. लांब पल्ल्यासाठी आतून गुळगुळीत कडक पीव्हीसी पाइप घाला आणि लवचिक तुकडा फक्त युनिटजवळ हातभर ठेवा.

युनिट पाणसळीवर तपासा. ड्रेनच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर कल चालेल, उलट्या बाजूला अजिबात नाही. पुष्कळ युनिटांच्या ट्रेला डावी-उजवी अशी दोन तोंडं असतात आणि न वापरलेल्या तोंडात रबरी बूच असतं. बसवताना बूच नीट दाबलं नाही, किंवा काही वर्षांनी रबर कडक होऊन सुटलं, तर नळी स्वच्छ असूनही त्या कोपऱ्यातून ठिपकत राहतं. हे बूच बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

फॉल्स सीलिंगमधून जाणाऱ्या नळीवर फोमचं वेष्टन हवंच. आतलं पाणी गार असतं, त्यामुळे उघड्या नळीला बाहेरून घाम फुटतो आणि सीलिंगवर डाग पडतात. लोक नळी फुटली समजून सीलिंग फोडतात.

लालबाग, सर्व्हिसिंगचं काम

सर्व्हिसिंग झाली आणि दोन दिवसांत गळती लागली, अशी तक्रार खूप येते. कारण सोपं आहे. जेट पंपाने कॉइल (युनिटमधला हवा गार करणारा भाग) धुतली की वर्षभराची घाण सुटून ट्रेमध्ये येते, थोडी युनिटखाली बांधलेल्या पिशवीत पडते आणि उरलेली नळीत शिरते. तिथे ती जुन्या बुळबुळीवर अडकते. म्हणून कॉइल धुऊन झाल्यावर नळी वेगळी धुतलीच पाहिजे. ट्रेमध्ये एक लिटर पाणी मगाने सावकाश ओता आणि एकाने बाहेर उभं राहून बघा. ओतणं थांबल्यावर मिनिटभरात जवळजवळ सगळं पाणी बाहेर आलं पाहिजे. माणसाला सांगा, हे दाखवल्याशिवाय कव्हर लावायचं नाही.

आणखी एक जागा चुकते. भिंतीवरच्या स्प्लिटमध्ये समोरचा ट्रे दिसतो, पण कॉइलच्या मागेही एक अरुंद पन्हळ असते आणि तिचं पाणी बाजूने समोरच्या ट्रेत येतं. त्या बाजूच्या वाटेत पापुद्र्यासारखा मळ बसला की पाणी युनिटच्या मागून भिंतीवर ओघळतं. समोरून थेंब पडत असतील तर समोरचा ट्रे बघा, मागून भिंत भिजत असेल तर ही पन्हळ आणि मागचा नळीचा सांधा बघा. समोरून हवेबरोबर बारीक तुषार उडत असतील तर ते तिसरंच प्रकरण: युनिटमधल्या पंख्याच्या पात्यांवर मळ चढलाय.

वरळी, टॉवरमधल्या घरांची देखभाल

उंच इमारतीत नळी स्वच्छ असूनही युनिटमधून गुडगुड आवाज येतो आणि पाणी थांबतं. खिडक्या सगळ्या बंद, स्वयंपाकघरात चिमणी चालू. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, तेवढी हवा आत यायला वाट शोधते आणि ड्रेनच्या नळीतून शिरते. उलट येणारी हवा पाण्याला अडवते. तपासायचं तर खिडकी चार बोटं उघडा. आवाज लगेच थांबला तर निदान पक्कं. समुद्राकडच्या बाजूला जोराचा वारा थेट नळीच्या तोंडात घुसूनही हेच होतं. तोंड खाली वळवा, किंवा नळीत हवा उलट न येऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. व्हॉल्व्ह बसवला की तो वर्षातून दोनदा उघडून धुवावा लागतो, नाहीतर तोच तुंबण्याची पहिली जागा ठरतो.

चेंबूर, सोसायटीच्या कमिटीचं काम

खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडतं, म्हणून आता बऱ्याच सोसायट्या सगळ्यांच्या एसीसाठी एक उभा पाइप घालतात. निर्णय चांगला, पण करताना चार गोष्टी सांभाळा. उभा पाइप किमान ३२ मिलिमीटर. घरांची जोडणी आडव्या T आकाराच्या सांध्याने न करता खाली उतरत्या Y आकाराच्या सांध्याने, नाहीतर वरून येणारं पाणी खालच्याच्या नळीत उसळतं. वरचं टोक हवेसाठी उघडं, त्यावर जाळीची टोपी. खालचं टोक गटाराच्या जाळीच्या वर वीतभर अंतरावर उघडं सोडलेलं, ड्रेनेज लाइनला थेट जोडलेलं नाही. थेट जोडलं की झुरळं आणि वास सरळ बेडरूममध्ये.

गच्चीच्या पावसाळी पाइपला एसीची नळी जोडायची परवानगी कुणालाही देऊ नका. जुलैच्या धो धो पावसात खाली तुंबलं की तो पाइप भरतो आणि पहिल्या मजल्यावरच्या एसीतून पावसाचं पाणी घरात येतं.

बोरिवली, झाडीच्या बाजूला

नळीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते, विशेषतः एसी बंद असतो त्या थंडीच्या महिन्यांत. वाळलेली माती पाण्याने पटकन विरघळत नाही. फेब्रुवारीत पहिल्यांदा एसी लावायच्या आधी तोंडात टॉर्च मारून बघा आणि लाकडी काडीने माती उकरून काढा. तोंडाला जाळी लावायची तर भोकं तीन-चार मिलिमीटरची हवीत. मच्छरदाणीची बारीक जाळी महिनाभरात मळाने लिंपली जाते.

गिरगाव, विंडो एसी

विंडोला नळीची कटकट कमी, पण कल महत्त्वाचा. मागची बाजू साधारण एक सेंटिमीटर खाली हवी. खिडकीची लाकडी फळी जुनी होऊन मागून वर उचलली गेली की पाणी पुढे, खोलीत येतं. मागच्या भोकात कबुतराची पिसं आणि काडीकचरा अडकतो, तो प्लॅस्टिकच्या काडीने काढा. लोखंडी सळईने तळाचा रंग खरवडला की खाऱ्या हवेत तिथून गंज सुरू होतो. आतून पाणी उडाल्यासारखा छपछप आवाज येत असेल तर घाबरू नका. काही मॉडेलांत पंख्याची कडा तळातलं पाणी मुद्दाम मागच्या गरम कॉइलवर उडवते.

विलेपार्ले, रसायनांबद्दल

अर्धा कप पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच कोमट पाणी ट्रेमध्ये ओता, अर्धा तास थांबा, मग लिटरभर साधं पाणी. एसी रोज चालत असेल तर दोन महिन्यांतून एकदा पुरे. हे प्रतिबंधासाठी आहे, पूर्ण बसलेला गोळा व्हिनेगरने निघत नाही. संडास साफ करायचं ॲसिड आणि कॉस्टिक सोडा दोन्ही ॲल्युमिनियम खातात, कॉइलच्या आसपासही नकोत. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी मऊ पडून वाकतो.

माहीम

नळी बादलीत सोडली असेल तर तिचं तोंड पाण्यात बुडू देऊ नका, पाणी मागे थोपतं. बादली रोज रिकामी करा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं तपासणीला आली की कुंड्यांखालच्या ताटल्यांबरोबर एसीचं पाणीही बघतात. हे पाणी फरशी पुसायला उत्तम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र घालू नका. दिसायला डिस्टिल्ड वाटलं तरी त्यात कॉइलची धूळ आणि धातूचा अंश असतो.

कांदिवली, पुन्हा

गॅसचा प्रश्न खरंच कधी असतो, ते राहिलं. एसी चालू असताना पुढचं झाकण उघडून फिल्टर काढा आणि टॉर्चने कॉइल बघा. पांढरा बर्फ धरलेला दिसला तर नळीचा दोष नाही. तो बर्फ वितळताना एकदम इतकं पाणी सुटतं की ट्रेला झेपत नाही, म्हणून एसी बंद केल्यावर जास्त गळतं. आधी फिल्टर धुवा, कारण कोंदलेल्या फिल्टरनेही बर्फ धरतो. कूलिंग बंद करून बर्फ पूर्ण वितळेपर्यंत नुसता फॅन चालवा, मग पुन्हा कूलिंग लावा. स्वच्छ फिल्टर असूनही तास-दोन तासांत परत बर्फ धरला, तेव्हा गॅस तपासणाऱ्याला बोलवा, आणि नुसता गॅस भरून घेऊ नका. गॅस आपोआप संपत नाही, कुठून तरी गळतो. आधी ती गळती शोधून बुजवायला सांगा.