खुर्चीत कोण बसलंय यापेक्षा चावी कुणाकडे आहे ते बघा

जनरल मॅनेजर (म्हणजे खेळाडूंची निवड आणि करार बघणारा अधिकारी) काढला की पुढच्या मोसमात संघ वर येईल, असं बरेच जण म्हणतात. या मताशी मी सहमत नाही. अमेरिकेतल्या शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचंच बघा. ऑगस्ट 2023 मध्ये जनरल मॅनेजर रिक हान आणि त्यांचे वरिष्ठ केनी विल्यम्स, दोघांनाही एकाच दिवशी नारळ दिला. हे विल्यम्स म्हणजे 2005 चं विजेतेपद जिंकून देणारे! त्या जागी बाहेरचा कुणी आणला? छे, संघाच्या व्यवस्थापनातलाच माणूस, क्रिस गेट्झ. 2023 मध्ये 101 सामने हरले होते, 2024 मध्ये 121. त्यात सलग 21 पराभव.

आता हान काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पण 2020 मध्ये 76 वर्षांच्या टोनी ला रुसांना मॅनेजर (बेसबॉलमध्ये म्हणजे मुख्य प्रशिक्षक) म्हणून परत आणायची हौस मालक जेरी राइन्सडॉर्फ यांची होती. शिकागोसारखं शहर, आणि हान जाईपर्यंतचा संघाचा सर्वांत मोठा करार किती? बेनिनटेंडी या खेळाडूला पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सप्टेंबर 2024 मध्ये घरच्या मैदानावर प्रेक्षक ‘संघ विका’ म्हणून ओरडत होते. गंमत म्हणजे तो सामना त्यांनी चक्क जिंकला. त्या घोषणेत जनरल मॅनेजरचं नावही नव्हतं.

तुमच्या संघाचा जीएम बदला हवा तर, पण नव्याला खेळाडू निवडायची आणि पैसे खर्चायची मोकळीक मिळणार का, ते आधी विचारा.