अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातील मुलाने कुठे जावे?

प्रश्न : आमच्या परिचयाचा बालगृहातील एक मुलगा लवकरच अठरा वर्षांचा होईल. त्याला आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे प्रशिक्षण घ्यायचे आहे, परंतु संस्था सोडल्यावर राहण्याची सोय नाही. काय करता येईल?

उत्तर : बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 मध्ये अशा मुलांना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे, आणि 2016 च्या आदर्श नियमांनुसार अनुरक्षणाचा, म्हणजे संस्था सोडल्यानंतर राहण्या-शिकण्यासाठी मिळणाऱ्या मदतीचा, आधार 21 व्या वर्षापर्यंत, तर अपवादात्मक परिस्थितीत 23 व्या वर्षापर्यंत मिळू शकतो. वाढदिवस उजाडण्याची वाट न पाहता अधीक्षकांमार्फत आत्ताच जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधावा.

उत्तर : तो अनाथ असेल तर महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्रही संस्थेत असतानाच मिळवावे. महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना शिक्षणात व शासकीय नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे.

उत्तर : कागदपत्रे हवीतच, पण ज्या मुलाने आजवर स्वतःसाठी भाजीसुद्धा विकत घेतलेली नाही, त्याला महिन्याचा खर्च बसवणे, बँकेचे व्यवहार करणे आणि भाडेकरार वाचून सही करणे कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. घरमालक ओळखीचा माणूस विचारतो, तेव्हा हा मुलगा कोणाचे नाव सांगणार? आपण ती जबाबदारी घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्नकर्ता : घेतो. अधीक्षकांना सोमवारीच भेटतो.